एका बाकाचं मत

“हे बाक आपलं, पोरी. कुणी काहीही म्हणो, सोडायचं नाही,” व्हर्नाचे बाबा म्हणायचे. कॉलेजच्या बास्केटबॉल स्टेडियममधलं, अगदी वरच्या रांगेतलं ते लाकडी बाक. इंडियानातल्या त्या गावात बाकं शेतासारखी वारशानं येत, आणि तीन पिढ्यांच्या बसण्यानं याला गुळगुळीत खळगा पडला होता.

आज स्टेडियम राखायचं की पाडून नवं बांधायचं, याचं हात वर करून मतदान होतं. एका बाकाला एकच मत, म्हणून बहीणभावाचं एकमत हवं होतं.

“राखायचंच!” धाकटा मर्ल म्हणाला. “नव्यात मऊ खुर्च्या असणार. तू पाच मिनिटांत घोरशील, ताई.”

“तू तर लाकडावरही घोरतोस.”

“मग कर की हात वर! दाजींचं काय, ते घरीच रेडिओ ऐकतात.”

व्हर्नाचा हात मांडीवरच राहिला.

“लोरेन घरी नसतो, मर्ल. गुडघे गेल्यापासून त्याला या पायऱ्या चढवत नाहीत. दर सामन्याला तो बाहेर गाडीत बसून रेडिओ ऐकतो. कुणाला सांगू नकोस म्हणाला होता. नव्यात लिफ्ट असेल. मला त्याच्याशेजारी बसून सामना बघायचाय.”