गोठ्यातली बाळंतीण
चौतीस सालच्या नाताळला बनाबाईंनी सकाळी नवं लुगडं नेसलं, ते दुपारच्या आत शेणाने भरलं.

वेल्ह्याच्या दवाखान्यात त्या नर्स होत्या आणि त्यांचे यजमान आनंदराव तिथल्याच शाळेत मास्तर. गावात ख्रिस्ती घरं म्हणाल तर तीन. पाद्रीसाहेब भोराकडच्या वस्त्या करत करत वर्षातून एकदाच, नाताळच्या दुपारी यायचे. आनंदरावांच्या ओसरीवर उपासना व्हायची, प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस मिळायचा आणि साहेबांची गाडी पुढच्या गावाला निघायची. त्या एका दुपारसाठी बनाबाई वर्षभर दिवस मोजत.

आणि नेमका त्याच सकाळी तोरणा गडाच्या कुशीतल्या धनगरवाड्यातला रखमाजी धापा टाकत दारात उभा राहिला.

"बाई, बायकू तिसऱ्या दिसाची बाळंतीण हाय. हुडहुडी भरलीया. प्वार गार पडलंय."

बनाबाईंनी पिशवी उचलली. आनंदरावांनी त्यांच्या खांद्यावर शाल टाकली. बायकोला ते ओळखून होते.

वाड्यावर पोचल्यावर त्यांना कुणी घरात घेतलं नाही, मागच्या गोठ्याकडे बोट दाखवलं. किरिस्ताव बाई घरात चालत नव्हती, पण गोठ्याची काही तक्रार नव्हती. म्हशींच्या शेजारी गोणपाटावर रखमाजीची बायको फुलाबाई पडली होती. पहिलटकरीण, असेल सतरा-अठराची. वाड्याची रीतच तशी. सुईण सकाळ-संध्याकाळ येऊन न्हाऊ घालणार, भाकरी सरकवणार. बाकी दहा दिवस सुवेर, म्हणजे बाळंतपणाचा विटाळ, बाळंतिणीला कुणी शिवायचं नाही. तीन दिवस बाळाला अंगावर पाजायचंही नाही, ते आपलं गुळाच्या पाण्यावर! बनाबाईंना असा संताप आला की विचारू नका. पण संतापाने कुणाला ऊब येत नाही. त्यांनी शेगडी पेटवली, पोरीचा दुधाने दगडासारखा झालेला ऊर शेकला, बाळ तिच्या उघड्या छातीशी धरलं आणि दोघांवर आपली शाल टाकली. बाळाने तोंड लावलं, पण अंगात दम नव्हता. चार घोट घेतले की गळून पडायचं.

फुलाबाईची सासू धोंडाबाई उंबऱ्याबाहेर उकिडवी बसली होती. बाई करारी. आत पाऊल टाकत नव्हती आणि जागची हलतही नव्हती.

"जगंल का वं?"

"ऊब मिळाली तर जगेल. याला औषध नाही, आजी. आजचा दिवस आणि रात्र कुणीतरी दोघांना पोटाशी धरून बसायला हवं. मी बसते."

सूर्य वर चढत होता. बनाबाईंची नजर सारखी पायवाटेकडे जात होती, ते म्हातारीने टिपलं.

"कुणाची वाट बघता?"

"वाट नाही. आज आमचा सण आहे. देवाचा जन्म."

"कुठं जलमला?"

"गोठ्यात."

"चेष्टा करता व्हय?"

"खरंच. आईबाप परगावी गेलेले, उतरायला जागा मिळाली नाही. बाळाला गव्हाणीत ठेवलं. आणि पहिल्यांदा बघायला आले ते मेंढपाळ, त्याच रात्री."

"त्याच राती? म्हंजी सुवेरातच की!" म्हातारी चकित झाली. "आन् आत गेले?"

"गेले."

बनाबाईंनी बाळावरची शाल सारखी केली. जन्मभर त्यांनी ही कथा ऐकली होती. तारा, देवदूत, गाणी. सुवेराचा विचार कधी मनात आला नव्हता. देव माणसाच्या पोटी आला म्हणजे विटाळातच आला की! ज्या बाळंतिणीला शिवायचं नाही तिच्या रक्तात माखून आला, तिच्या कुशीत निजला. मुद्दाम, आपल्या खुशीने. केवढं हे प्रेम, आणि ते आज एका धनगरणीच्या प्रश्नाने कळावं!

धोंडाबाईचं मात्र देवाकडे लक्ष नव्हतं. "त्या बाळंतिणीपाशी कोण हुतं? आई? सासू?"

"नवरा होता."

"गडी मानूस काय करतोय! ऊन पानी कुणी दिलं? शेक?"

"ते लिहिलेलं नाही."

"लिवलं न्हाई?" म्हातारी कडाडली. "मेंढक्यांचं लिवलं आन् बाईचं न्हाई? येकलीच कुडकुडत पडली आसंल बया..."

बोलता बोलता तिची नजर गोणपाटावर गेली. फुलाबाई तिच्याकडेच बघत होती.

धोंडाबाई उठली. खांद्यावरची घोंगडी काढली, उंबरा ओलांडला आणि सुनेच्या पाठीशी बसून तिला बाळासकट पोटाशी ओढून घेतलं.

"आये, इटाळ!" रखमाजी बाहेरून ओरडला.

"तुज्या येळंला म्याबी हितंच पडले हुते," ती म्हणाली. "कुणी आलं न्हाई. लई थंडी हुती."

फुलाबाई मान वळवून सासूच्या छातीत तोंड खुपसून रडली. बनाबाई जवळच बसून राहिल्या. तासाभराने त्यांनी बाळाचे तळवे चाचपले, तर कोमट लागले. बाळ आता न थांबता पीत होतं.

"बाई, आता तुमी जावा. हितं म्या हाय." मग धोंडाबाईने लेकाला हाक मारली. सुनेसाठी ठेवलेल्यातला निम्मा डिंक, निम्मं खोबरं आणि तुपाची लोटी त्याच्याकडून आणवली.

"ह्यो बाळंतविडा. तुमच्या त्या बाईला द्या. तिला कुणी दिला नसंल. आजच बाळंत झाली न्हवं?"

याला एकोणीसशे वर्षं झाली, असं बनाबाई सांगणार होत्या. पण त्यांनी पदर पसरला.

"हो, आजी," त्या म्हणाल्या. "आजच."