ओक-रानची पत

"ताई, तुझ्या फोनवर सहा आकडे आलेत बघ. तेवढे सांग," छांग-हो म्हणाला.

ओक-रानचे दोन्ही हात कोपरापर्यंत तिखटात बुडालेले होते. थंडी पडली की वर्षभराची किमची आईच्या अंगणात सगळ्यांनी मिळून घालायची, हा दक्षिण कोरियातल्या मोक्पो शहरातल्या त्या घराचा नेम. खारवलेल्या कोबीच्या पानापानात ती लसूण-मिरचीचा लगदा भरत होती. धाकट्या भावाने नेमकी हीच वेळ साधली. तळलेली कोंबडी घरपोच देण्याच्या नव्या धंद्यासाठी त्याला तीन फोन हवे होते. हप्त्यांवर, आणि तिच्या नावाने. त्याच्या स्वतःच्या नावावर आता कोणी हप्त्याने काही देत नव्हते.

"नाही सांगणार," ती म्हणाली.

पूर्वी एकदा सांगितले होते. त्याने हप्ते थकवले आणि हजारपैकी मोजला जाणारा तिचा क्रेडिट स्कोअर एका फटक्यात रसातळाला गेला. तो वर आणायला आठ वर्षे लागली. कार्ड जपून वापरायचे, विजेच्या बिलापासून सगळे तारखेच्या आत भरायचे. आता तिच्या पार्लरचा गाळा मालकाने विकायला काढला होता. तो विकत घ्यायला तिने मागितलेल्या कर्जाचा सोमवारी बँकेत निकाल होता. या घडीला स्कोअर घसरला, तर गाळा दुसऱ्याचा आणि ओक-रानच्या खुर्च्या रस्त्यावर.

हे सगळे तिने आईलाही सांगितले होते. सख्ख्या भावाला नाव द्यायला पदरचे काय जाते, हे आईचे ठरलेले उत्तर.

"त्याला पोरंबाळं आहेत," आई म्हणाली. "तुझा तो आकडा काय जेवायला मागतो?"

ओक-रान हात धुवायला उठली, तोवर आईने तिचा फोन उचलून आकडे मोठ्याने वाचूनही टाकले. छांग-होने ते भराभर दाबले आणि तो पडद्याकडे बघत राहिला. या नावावर नवीन फोन देणे खुद्द ग्राहकाने बंद ठेवले आहे, असे तिथे लिहिले होते.

"हे कोणी केलं?"

"मी. मागच्या वेळी तू हप्ते थकवलेस ना, त्याच आठवड्यात. आपल्या नावाला कुलूप लावता येतं, फुकट."

"सख्ख्या भावासाठी कुलूप?"

"चोर काय, कुलूप फोडतोच. ते घरच्यांसाठीच असतं रे."

छांग-हो चपला शोधू लागला. ओक-रानने उकडलेल्या डुकराच्या मांसाचा तुकडा किमचीच्या ताज्या पानात गुंडाळला आणि त्याच्या तोंडात कोंबला. रागावलेल्या माणसालाही तो घास थुंकवत नाही. त्याने चावून खाल्ला, आणि मग कोबीची टोपलीही उचलून आत नेली.

सोमवारी बँकेतल्या बाईंनी पडद्यावर नजर फिरवली. कर्ज मंजूर आहे, जामीनदाराची गरज नाही, असे त्या म्हणाल्या. ओक-रानने त्यांना ते पुन्हा एकदा म्हणायला लावले.

गाळ्याची खरेदी झाली, त्या आठवड्यात आई पार्लरमध्ये आली. एरवी ती रांग मोडून थेट खुर्चीत बसे आणि केस कुरळे होईपर्यंत छांग-होची रडगाणी ऐकवी. त्या दिवशी दोन बायका आधीपासून थांबल्या होत्या. आईने त्यांच्याकडे पाहिले, मोजे वर ओढले आणि बाकाच्या टोकाला जाऊन बसली.

ओक-रानने घाई केली नाही. दोघींचे केस नीट आटोपले, खुर्ची पुसली, आणि मग आईला हाक मारली.