तांड्याची फ्लॉपी

शहाण्णव साली दिग्रसकडच्या नव्या मतदारांची नावं तीन फ्लॉप्यांत मावली आणि त्यांच्यापायी शीलाचा जीव टांगणीला लागला. पाचच्या आत त्या यवतमाळला पोचल्या नाहीत, तर तिनं दोन महिने टाइप केलेली माणसं यादीबाहेर. नावं तेव्हा तारेतून जात नसत, जीपमधून जात.

“यातली आमच्या तांड्याची कोनती?” निघतानाच ड्रायव्हर हिरासिंगनं विचारलं. “मागच्या येळी मत द्याले गेलतो, तं एकाचंबी नाव नाही म्हने.”

शीलानं दाखवली. त्यानं ती दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावली आणि डॅशबोर्डवरच्या मारुतीच्या पायाशी ठेवली. “इथं तिले काही होत नाही.”

उरलेल्या दोन शीलानं पदरात गुंडाळल्या. ऊन लागेल, धूळ जाईल, गचका बसेल, एक ना दोन. दारव्ह्याच्या फाटकात शकुंतला रेल्वे इतकी निवांत आली, की उतरून तिला ढकलावं असं शीलाला वाटलं.

यवतमाळला पोचले तेव्हा सव्वाचार. कार्यालयातल्या मधुसूदननं फ्लॉप्या लावल्या. पदरातल्या दोन उघडल्या, तांड्याची कोरी निघाली.

“चुंबकाजवळ ठेवली होती?”

शीला नाही म्हणाली आणि तशीच जीपकडे धावली. मारुती पत्र्याला घट्ट चिकटलेला. गचक्यांत पडू नये म्हणून हिरासिंगनं त्याच्याखाली फुटक्या स्पीकरचं भलंथोरलं चुंबक बसवलं होतं. आता बोलायचं तरी कुणाला?

“झालं ना, ताई?”

त्याच्या चेहऱ्याकडे पाहून तिला भरून आलं. देवाचं नाव तिनं काढलं नाही. “फ्लॉपी बिघडली, भाऊ. अर्ज दिग्रसला राहिले. तांडा पाठ आहे तुम्हाला?”

“घर न् घर पाठ हाये.”

कार्यालयातल्या कीबोर्डशेजारी उभा राहून, डोळे मिटून तो तांड्यात फिरू लागला. आधी धरमसिंग, मग हंसाबाई, तिच्या दोन सुना, निंबाखालची पंचफुला. कुणाचं वय, कुणाचा बाप. शीलाची बोटं पळत होती. पाचला दोन मिनिटं असताना तो थांबला. “झाले. एकबी सुटला नाही.”

मधुसूदननं यादी घेतली आणि खोलीला कुलूप लावलं.

परतताना हिरासिंग गुणगुणत होता. शीलानं कोरी फ्लॉपी चाळा म्हणून हातात घेतली. वर तिच्याच अक्षरात लिहिलं होतं: सत्त्याऐंशी नावं. मघाशी पडद्यावर शेवटचा आकडा शहाऐंशी होता.

“भाऊ, तुमचं स्वतःचं नाव सांगितलंत?”

गाडी हळू झाली.

“मी तं इथंच होतो ना,” तो म्हणाला.