वावळ आणि गजराचं घड्याळ

चंद्रपुरात कोळशाच्या ट्रकांच्या रस्त्याला लागून एक गल्ली होती. तिच्या तोंडाशी, जुन्या वावळाच्या सावलीतल्या टपरीत, कय्यूम घड्याळं दुरुस्त करायचा. हात असा स्थिर, की मोहरीएवढा स्क्रू पहिल्या खेपेलाच बसायचा. पण माघात वावळाला फुलोरा आला, की त्याला शिंकांनी बेजार केलंच म्हणून समजा. २००२ साली तर एका गिऱ्हाइकाच्या घड्याळाचं बारीक चाक त्याच्या शिंकेनं उडालं आणि थेट नालीत गेलं.

समोरच्या चहाच्या हॉटेलवाल्या नानाजींनी तोडगा काढला. "कय्यूमभाऊ, हे झाडच तोडून टाकू. साऱ्या गल्लीले शिंका येऊन राह्यल्या. नगरपालिकेत अर्ज देऊ." कय्यूमनं सही करून दिली.

त्याची बायको शकिला एका दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासायची. अर्जाचं कानावर आलं तेव्हा ती भाकरी थापत होती. हात न थांबवता तिनं विचारलं, "एटापल्लीले शिंकता का तुमी?"

कय्यूम विचारात पडला. दर आठवड्याला तो दूर जंगलातल्या एटापल्लीच्या बाजारात पेटी घेऊन बसायचा. मुक्काम बाजाराजवळच्या पाड्यावर, बुधरीबाईच्या घरी. तिथं वावळाचं रानच होतं.

"नाई," तो म्हणाला. "एकही नाई."

"मंग सही काऊन केली?"

हवेतले कण चिकटावेत म्हणून शकिलानं काचेच्या दोन पट्ट्यांना व्हॅसलीन फासलं. एक टपरीच्या छतावर ठेवली, दुसरी कय्यूमच्या डब्यात घालून दिली. त्यानं ती बुधरीच्या अंगणातल्या मांडवावर बांधली, तेव्हा म्हातारी जवळ येऊन बघत राहिली.

"काय पकडून राह्यला भाऊ?"

"हवा."

"आमच्या हवेले का झालं?"

"काही झालं नाई, तेच पाह्यचं हाय," कय्यूम म्हणाला, आणि बुधरी पोट धरून हसली.

रविवारी लॅब रिकामी होती. शकिला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून दोन तास कण मोजत बसली. मधे पाणीसुद्धा घेतलं नाही. कय्यूम स्टुलावर बसून तिच्याकडे पाहत होता. भिंगातून पाहण्यात आपला जन्म गेला, पण एवढा वेळ आपल्यालाही असं बसवणार नाही, हे त्याला मनोमन कबूल करावं लागलं.

"या, पाहा," ती म्हणाली.

एटापल्लीच्या काचेवर वावळाचे परागकण तिप्पट होते, पण गोल आणि स्वच्छ. चंद्रपूरचे थोडे, पण काजळी चिकटलेले. काही तर फुटून त्यांचा गर बाहेर सांडला होता.

दवाखान्याच्या डॉक्टरांनीही काचा पाहिल्या. म्हणाले, धुरानं नाकाची आतली त्वचा सोलवटते, मग पराग जास्त झोंबतो. फुटलेल्या कणाचा चुरा आणखी आत जातो. "पण दोन काचांवरून काही ठरत नाही, शकिलाबाई. आणखी पाहायला हवं."

"आणखी पाहतो, सर," ती म्हणाली.

धूर कोणत्या वेळी जास्त असतो ते तिला हवं होतं. यावर कय्यूमला एक युक्ती सुचली. जुन्या गजराच्या घड्याळाच्या तासकाट्याच्या चाकावर त्यानं गोल चकती बसवली, वर डबीचं झाकण, आणि झाकणाला बारीक फट. व्हॅसलीन लावलेली चकती त्या फटीखालून बारा तासांत एक फेरा घ्यायची, म्हणजे कोणत्या तासाला किती काजळी पडली ते दिसायचं. आठ आठवडे शकिला रोज दोनदा चकती बदलत राहिली. धुणं-भांडी, लॅब, सगळं सांभाळून.

ट्रकांची धूळ दिवसभर होतीच. पण काळा पट्टा सगळ्यात दाट पडायचा तो सकाळी सहा ते नऊ. घरोघरी कोळशाच्या सिगड्या पेटायच्या त्या वेळी.

मग डॉक्टरांना विचारून तिनं सूक्ष्मदर्शक वावळाखाली आणला. गल्लीतल्या सगळ्यांनी रांगेनं डोळा लावला. नानाजी बराच वेळ वाकून होते.

"हे काळं कुठून आलं, बाई?"

"ट्रकांचं हाय. तुमच्या भट्टीचं हाय, अन् माह्या सिगडीचंही. माही आजपासून बंद."

नानाजींनी तोंड वाकडं केलं. पण अर्ज दुसऱ्याच दिवशी मागे घेतला, आणि पावसाळ्यानंतर त्यांच्या हॉटेलात गॅस आला. ट्रकांवर ताडपत्री हवी म्हणून शकिलानं नवा अर्ज लिहिला. महिनाभर ताडपत्र्या दिसल्या, मग गायब झाल्या. तिनं पुन्हा लिहिला, नंतर आणखी दोनदा.

पुढच्या माघात कय्यूमला शिंका आल्याच, पण दिवसाला वीसच्या जागी चार-पाच. डॉक्टरांची गोळी त्यानं फुलोऱ्याआधीच सुरू केली होती, नाकावर रुमाल बांधला होता. टेबलावर एक उघडं घड्याळ होतं आणि समोर वरोऱ्याचं नवं गिऱ्हाईक बसलं होतं. एवढ्या झाडाखाली बसून त्रास होत नाही का, असं त्यानं विचारलं. कय्यूमनं चिमटा खाली ठेवला, खुर्ची पुढे ओढली आणि शकिलाची सगळी हकीकत पहिल्यापासून सांगायला घेतली.