न तुटणारा लंगर

मी साखळदंड बोलतोय. दोन टोकांना दोन जाड वाळे आणि मध्ये नऊ कड्या, एवढाच माझा देह. अंगावर हळदीची पुटं चढलीत म्हणून मला देवाघरचा समजू नका. माझा जन्म विलायतेतल्या एका भट्टीतला. कशासाठी घडवला ते सांगायला लाज वाटते, पण लपवून काय उपयोग? मी माणसाच्या पायात घालायची बेडी आहे.

बंदुका, कापड आणि माझ्यासारखं लोखंड गोरे व्यापारी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरवायचे. बदल्यात त्यांना पाहिजे हस्तिदंत. तो वाहायला पाहिजेत माणसं. आपणहून कोण येतंय? मग त्याच बंदुका घेऊन दलाल गावं जाळायचे आणि पळणाऱ्यांना धरायचे. असल्याच एका जळक्या गावातला तरणा गडी माझ्या वाट्याला आला. बराका त्याचं नाव. महिना-दीड महिना आम्ही समुद्राकडं चाललो. त्याच्या घोट्याचं कातडं मी सोललं. त्यात माझा काय दोष, असं मी म्हणत नाही. सोललं ते सोललं.

किनाऱ्यावर हस्तिदंताबरोबर बराकालाही विकून गलबतात चढवलं. भर समुद्रात इंग्रजांच्या लढाऊ जहाजानं आमचं गलबत धरलं. बराकाला सोडवलं, मुंबईला उतरवलं आणि तिथून नाशिकला, शरणपूरला पाद्र्यांच्या आश्रमात आणलं. चांगलंच केलं, नाही कसं म्हणू? पण पहिल्याच आठवड्यात त्याचं नाव पुसून शलमोन ठेवलं. त्याला विचारलं का कुणी? तो लोहारकाम शिकला, मराठी शिकला. मला मात्र त्यानं वितळवलं नाही. आफ्रिकेला परत निघाला तेव्हा मखमलाबादच्या एका माळ्याच्या हातात मला देऊन म्हणाला, "जपून ठेवा. आमचं काय झालं ते पोरांना सांगा."

माळ्यानं जपलं. पोरांनीही जपलं. सांगायचं तेवढं राहून गेलं. माणसाची खोडच ही. वस्तू सांभाळतो, गोष्ट सांडतो. पुढं कुणीतरी मला देव्हाऱ्यात ठेवलं, हळद लावली आणि मी झालो खंडोबाचा लंगर!

चंपाषष्ठीला वाघ्या, म्हणजे खंडोबाला वाहिलेला भक्त, लोखंडी साखळी हिसडा देऊन तोडतो. तोच लंगर. तुटला की देव पावला. तो लंगर तुटायसाठीच असतो हो! मी तर माणूस पळू नये म्हणून घडवलेला. मी कशाला तुटतोय?

या घरची सून आक्काबाई. तिचा मुलगा कारभारी पाळण्यात होता, त्या साली तिनंच हौसेनं सहादू वाघ्याला घरी बोलावलं. मी तुटलो नाही. चार महिन्यांत तिचा नवरा साप चावून गेला. आपणच बोलावणं करून देवाला रुसवलं, असं तिनं मनात धरलं. मग दरसाल सहादूनं ओढायचं, मी तुटायचं नाही आणि सणाचं भरीत-रोडगं सगळ्यांना वाढून आक्काबाईनं उपाशी झोपायचं. अशी चाळीस वर्षं गेली. मी देव्हाऱ्यात बसून सगळं बघत होतो, पण बोलणार कसा?

२००३ साली तिची नात तेजल चंपाषष्ठीला एक पाहुणी घेऊन आली. रेचल, आफ्रिकेतल्या मोंबासाकडची शिक्षिका. तिचा खापरपणजा शरणपूरला लोहारकाम शिकलेला, म्हणून त्याचा माग काढत नाशिकला आली होती.

सहादूनं "येळकोट येळकोट" म्हणून हिसडा दिला. मी ढिम्म. दुसरा दिला. तिसऱ्याला त्याची कंबर धरली.

"आक्का, औंदा पण नाय," म्हणत तो खाली बसला. आक्काबाईनं पदर डोळ्याला लावला.

रेचल पुढं आली. तिनं माझा वाळा उचलला, हळद खरवडली आणि आपल्या घोट्याशी धरून पाहिला. तिचा चेहराच उतरला. ती इंग्रजीत काहीतरी बोलली.

तेजल म्हणाली, "आजी, हा लंगर नाय म्हणते ती. ही बेडी हाय. हिच्या लोकांना धरून विकायचे, त्यांच्या पायातली. तिकडं म्युझियममधे काचेत ठेवल्यात अशा."

"म्हंजे..." आक्काबाई हळूच म्हणाली, "देव रुसला नव्हता?"

"कसला रुसतोय!" सहादू कंबर चोळत उसळला. "चाळीस वर्सं बेडी वढतोय मी! देवानं कपाळावर हात मारला आसंल!"

कारभारी फिस्सकन हसला. आक्काबाईही हसली आणि हसता हसता रडायला लागली. "मग तुज्या बापाचं... माज्या हातून नव्हतं झालं?"

"नाय गं आई. कधीच नव्हतं."

जरा वेळानं ती रेचलकडं वळली. "आन् आम्ही हिला हळद लावली! माफ कर पोरी. तुज्या माणसांची हाय, तू ने."

तेजलच्या तोंडून रेचल सांगत गेली. खापरपणजा परत गेला, पण ज्यांनी सोडवलं त्यांनीच पुढं त्याच्या लोकांच्या जमिनी घेतल्या. तिच्या आज्याला गळ्यात पत्र्याची डबी अडकवून फिरावं लागे. आत गोऱ्या साहेबाचा परवाना. स्वतःच्या मुलखात! मी पायात होतो, ती डबी गळ्यात. फरक तेवढाच.

"माझ्याच माणसाची आहे की नाही, मला माहीत नाही," रेचल म्हणाली. "घरी नेणार नाही. पण तोडाल का?"

आक्काबाईनं माझ्यावरून हात फिरवला. देव्हाऱ्यातली वस्तू! मी तर जीव मुठीत धरून बसलो. नको म्हणाली असती, तर पुन्हा हळद आणि पुन्हा हिसडे.

जेवायला आलेल्या देवराम लोहाराकडं तिनं पाहिलं. "घण, ऐरण आन रं."

ऐरणीवर मला आक्काबाईनं धरलं, देवरामनं छिन्नी टेकवली आणि रेचलनं घण घातला. पाचव्या घावाला मधली कडी उडाली. लोक म्हणतात, घण लागला की दुखतं. मला विचारा! उभा जन्म आवळून धरलेलं अंग सैल पडलं हो.

दोघी एका ताटात जेवल्या. आक्काबाईनं भरीत दोनदा मागून घेतलं.

आता माझा एक तुकडा तेजलच्या शाळेत आहे. ती मास्तरीण झालीय. मला टेबलावर ठेवते आणि पोरांना सगळं सांगते, बंदुकांपासून डबीपर्यंत. दुसरा तुकडा इथं घरात, कोनाड्यात. दोन्हीकडं मी सुखात आहे. आता एकच मागणं. मला भट्टीत घाला, भंगारात टाका, नाहीतर काचेत ठेवा. पण बाबांनो, परत जोडू तेवढं नका.