एसीचं पाणी

मे महिन्यात लोहाऱ्यातली माणसं कूलरपुढून हलत नव्हती, आणि प्रभावतीबाईंनी मात्र घरातली सगळ्यांत गार जागा एका झाडाला देऊन टाकली होती. ढगांतल्या जंगलातलं ऑर्किड ते. लेकीनं, प्रियंकानं, सिक्कीमच्या नर्सरीतून धाडलेलं. त्याच्यासाठी बाईंनी कोल्ड्रिंकवाल्याचा काचेच्या दाराचा जुना फ्रिज आणला, आत दिवा आणि छोटा पंखा बसवला. कुणी दार जरा जास्त वेळ उघडं ठेवलं की बाई खेकसत, "लाव ते दार! मारतं का त्याले?"

यंदा पहिली कळी धरली आणि पानांची टोकं काळी पडू लागली. प्रियंका फोनवर म्हणाली, "आई, बोरचं पाणी देऊन राह्यली ना? खारं पाणी चालत नाही त्याले. पावसाचं दे, नाही तं एसीच्या नळीतलं."

पावसाला अवकाश होता. एसी होता शेजारी, धाकट्या जावेकडे, रुपालीकडे, आणि गोची तिथंच होती. मागच्या पावसाळ्यात रुपालीच्या एसीची नळी आपल्या अंगणात गळते म्हणून बाईंनीच आकाशपाताळ एक केलं होतं. रुपालीनं नळी मुकाट्यानं पलीकडे वळवली आणि बोलणंही टाकलं. तेव्हापासून बाईंना एकटीनं घेतलेला चहा गोड लागत नव्हता. पण आधी बोलणार कोण?

कळीचा देठ पिवळा दिसला तशी बाईंनी सकाळच्या गारव्यात कुंडीच उचलली आणि रुपालीचं दार गाठलं.

"मले तुह्या एसीचं पाणी पाह्यजे."

रुपालीनं झाडाकडे पाहिलं, मग बाईंकडे. "कोणतं, ताई? तुमच्या अंगणात चिखल करत होतं, तेच काय?"

"तेच." बाईंनी कुंडी पुढे केली. "चुकलं माह्यं."

रुपाली आत निघून गेली. बाई कुंडी पदराखाली धरून परतल्या. चांगली जिरली आपली, त्यांना वाटलं.

दुपारी भिंतीपाशी खुडबुड झाली. रुपाली स्टुलावर चढून नळी अलीकडे वळवत होती. खाली पाणी धरायला तिनंच गंज ठेवला होता.

"कोरड्या उन्हाळ्यात जास्त नाही गळत," ती वरूनच म्हणाली, "पण झाडापुरतं होईन. अन् चहा ठेवा. किती दिवस झाले, तुमच्या हातचा पेली नाही मी."

बाई चहा ठेवायचा सोडून आधी स्टूल धरायला धावल्या.

कळी टिकली. फूल उमललं नखाएवढं, जांभळं. दोघी जावा फ्रिजपुढे पाट टाकून, दार सताड उघडं ठेवून, गार हवा खात कितीतरी वेळ बोलत बसल्या. दार लाव, असं बाई एकदाही म्हणाल्या नाहीत.