फळ्यांची टोके

पाहुण्यांचा पाय फळीतून घोट्यापर्यंत आत गेला, तेव्हा मी चार पावलांवर तेलाचा डबा घेऊन उभा होतो. त्यांना लागले नाही, चप्पल तेवढी खाली पडली. ती मी काठीने काढून दिली. पण सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. तळ्याकाठच्या या विश्रामगृहाचा सागवानी डेक मीच बांधला आणि एकवीस वर्षे मीच सांभाळतो आहे.

मॅनेजर साहेब आले. वयाने माझ्या मुलीएवढे. त्यांनी तुटलेला तुकडा उचलून बोटांनी दाबला, तर त्याचा ओला भुगा हातात आला. वरची बाजू मात्र तेलाने चकाकत होती.

"मिस्त्री, हे तर वरून कीर्तन आणि आतून तमाशा झालं," ते म्हणाले.

बोलले ते हसूनच, पण पुढचे हसण्यासारखे नव्हते. सगळा डेक उखडायचा आणि लाकडासारख्या दिसणाऱ्या प्लास्टिकच्या फळ्या टाकायच्या. तेल नको, ऊन नको, मिस्त्री नको. सोमवारी माप घ्यायला माणूस येणार होता. मी आता फाटकावर खुर्ची टाकून निवांत बसावे, असेही त्यांनी सुचवले. मी सोमवारपर्यंत मुदत मागितली. बाकीचे लाकूड धड आहे असे दाखवले तर डेक राहील, नाहीतर जाईल, एवढ्यावर आम्ही थांबलो.

माझे कुठे चुकले हेच मला कळेना. दर पावसाळ्याआधी मी फळ्या धुतो, चार दिवस उन्हात सुकू देतो, मग तेलाचे दोन हात देतो आणि जास्तीचे तेल फडक्याने पुसून घेतो. व्हार्निश कधी लावले नाही. त्याची साय धरते, एखाद्या चिरेतून पाणी आत शिरले की त्याला बाहेर यायला वाट उरत नाही. दोन फळ्यांत पेन्सिलीएवढी फट ठेवली आहे, म्हणजे लाकूड फुगले तरी एकमेकांना रेटत नाही. हे सगळे मी गेल्या वर्षी केले, त्याच्या आदल्या वर्षीही केले. फरक म्हणाल तर एवढाच, की या दोन वर्षांत मी ते एकट्याने केले.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. जेवण, औषध, गुडघा असे तिचे ठरलेले प्रश्न झाल्यावर मी तिला फळीचे सांगितले.

"कुठे कुजलंय बाबा? मधे की टोकाला?"

"टोकाला."

"मग आता मेण कोण लावतं?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आई लावायची ना खालून. मी दर खेपेला पिशवीभर मेणबत्तीचे तुकडे आणायचे ते कशासाठी? तुम्हाला माहीत नव्हतं?"

"होतं की," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

मला माहीत नव्हते. बायको डेकखाली जाते एवढेच मला माहीत होते. अंगाने बारीक, गोणपाट घेऊन सरपटत आत शिरायची. पाने काढत असेल, जळमटे झाडत असेल, असे मी धरून चाललो होतो. आलेल्या-गेलेल्याला म्हणायचो, "आमची मांजर गेली बिळात." तिने ऐकले असणार. खालून तिचा आवाज यायचा, "अहो, उजेड सोडा." मी बडबडत दोन पावले बाजूला व्हायचो. वाकून कधी पाहिले नाही.

लाकूड पाणी पिते ते कापलेल्या टोकाने, हे सुताराच्या पोराला दात येण्याआधी कळते. बांधताना मी सगळी टोके डांबराने बंद केली होती आणि तेवढे जन्माला पुरेल असे मानले होते. एकदा ती म्हणाली होती, डांबर सुटायला लागलंय. "सुतार मी की तू?" असे मी तिला विचारले होते. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही.

सकाळी मी पहिल्यांदा डेकखाली गेलो. तळ्याचे पाणी आटून मागे हटले होते, चिखल वाळून भेगाळला होता. कोपरावर सरकताना गुडघ्याने मला माझे वय सांगितले. तुळईवरच्या खिळ्याला तिचे गोणपाट घडी घालून अडकवलेले होते. शेजारच्या खाचेत एक वाटी. दोन वर्षांपूर्वी ती गेल्यावर भांडी लावताना सहातली एक वाटी सापडली नव्हती. मुलीने सगळे घर पालथे घातले होते. वाटीच्या तळाशी मेण गोठलेले होते आणि त्यात कापडाचा बोळा रुतून बसला होता.

एकेक फळी ठोकत गेलो. टोकाला पोकळ आवाज, वीतभर आत गेले की खणखणीत. तिथे पटाशीचे टोकही शिरेना. दोन पावसाळ्यांत पाणी वीतभरच चढले होते. त्याआधीच्या सगळ्या पावसाळ्यांत त्याला आत येऊ दिले नव्हते.

तीन दिवस मी टोके कापत होतो. प्रत्येक फळीची वीतभर. सोमवारी मॅनेजर साहेबांनी खिशातली किल्ली काढून ताज्या कापात स्वतः टोचून पाहिली. नंतर वाकून वास घेतला. माप घेणाऱ्याला त्यांनी फाटकावरूनच परत पाठवले.

"या वर्षी राहू द्या," ते म्हणाले. "पण मिस्त्री, दर वर्षी खाली कोण जाणार?"

"मी आहे."

"आणि आधी कोण जात होतं?"

"आमच्या घरातून जात होत्या," मी म्हणालो. त्यांनी किल्ली पुसून खिशात टाकली.

दुपारी घरी मेण वितळवले आणि तिच्याच वाटीतून घेऊन आलो. गोणपाट अंथरून उताणा झालो. वर पाहिले तर फटीफटीतून उजेडाच्या रेघा खाली आल्या होत्या, माझ्या छातीवर, हातावर. वर कोणी चालले तर इथून त्याची सावली एका रेघेवरून दुसरीवर जाताना दिसणार. तेलाचा डबा कुठे ठेवला, कुठे टेकलो, कंबर धरून कधी उभा राहिलो, हे सगळे तिला इथून दिसत असणार.

सहा-सात टोके झाली असतील. एकाएकी रेघा पुसल्या गेल्या आणि पुढचे टोक दिसेनासे झाले. मी तोंड उघडले, आणि तसाच थांबलो. वर कोणी नव्हते. ढग आला होता.

मेण थिजू नये म्हणून वाटी पोटाशी धरून मी पडून राहिलो. थोड्या वेळाने उजेड आला. मी बोळा बुडवून पुढच्या टोकाला लावला.